आमचे जावई आणि गाडीचं तेल

जावयानं सासरी रुसावं, पहिल्याच घासाला आमटीत मीठ कमी आहे म्हणावं, दिवाळीला दिलेल्या शर्टाचा रंग उजेडात नेऊन बघावा, हे सगळं मला मान्य आहे. पण जावयानं सासरच्या गाडीचं इंजिन ऑइल उठता-बसता बदलावं, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय ते मला आजवर कोणी दाखवलेलं नाही. उत्तनच्या किनाऱ्यापासून काशीमीऱ्याच्या हायवेपर्यंत अख्ख्या मीरा-भाईंदरमधल्या गाड्यांनी मिळून जेवढं तेल प्यायलं नसेल, तेवढं आमच्या एका गाडीला त्या वर्षांत पाजलं गेलं, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ते पाजणारा माणूस माझ्या नणंदेचा नवरा असल्यामुळे मला त्याला काही म्हणता येत नव्हतं, हे त्याहून संतापजनक.

मी त्यांना भाऊजी म्हणते. भाऊजींकडे स्वतःची गाडी नव्हती, हे मी आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून लोकांना वाटतं की मी एखाद्या गॅरेजवाल्याबद्दल बोलतेय. गाडी नव्हती, घ्यायची इच्छाही नव्हती. लायसन्स तेवढं होतं, ते पाकिटात गणपतीच्या फोटोमागे ठेवलेलं होतं आणि फोटोइतकंच सोवळ्यात होतं. टेलिफोनच्या ऑफिसात काउंटरवर आयुष्य काढून त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली होती, आणि मीरा रोडला तिसऱ्या मजल्यावर ते आणि आमच्या ताई, म्हणजे माझी नणंद, असे दोघंच राहायचे. आम्ही भाईंदर पूर्वेला, गोडदेवच्या बाजूला: मी, आमचे हे, मुलगी आणि सासूबाई. दर रविवारी ताई-भाऊजी आमच्याकडे येत. सासूबाईंचा आठवडा सोमवारी सुरू व्हायचा तोच मुळी या रविवारसाठी. सकाळी आंघोळ करून, धुवट लुगडं नेसून त्या दारासमोर खुर्ची टाकून बसत, आणि लेक दारात आली की मायलेकी एकमेकींचे हात धरून ज्या बोलायला लागत त्या दिवेलागणीपर्यंत. काय बोलत देवाला ठाऊक. मी चहा ठेवायला गेले की गप्प होत, त्यावरून थोडाफार अंदाज मला होता. पण माझी तक्रार नव्हती. म्हाताऱ्या माणसाला एवढं तरी असावं.

तर अशा घरात गाडी आली. मुंबईतली खोली सोडून इकडे आलो, मुलगी मोठी झाली, कर्जं आवरली आणि एक छोटी, पांढरी गाडी दारात उभी राहिली. गाडी आली तेव्हा आमच्या ह्यांनी रेडिओ लावून बघितला, मुलीनं आरशात बघितलं, सासूबाईंनी चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि गाडीबरोबर आलेलं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं ते मी. मी शाळेच्या ऑफिसात काम करते. तिथे वेळच्या वेळी गोष्टी झाल्या नाहीत तर काय होतं ते मी रोज बघते, म्हणून घरातही माझ्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला असतो. पाण्याची टाकी कधी धुवायची, गाद्या कधी उन्हात टाकायच्या, फिल्टरची कँडल कधी बदलायची, सगळं. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड, वीज तिच्या मर्जीनुसार, तेव्हा निदान आपल्या हातातलं तरी धड असावं. त्या कागदावर मी एक ओळ वाढवली: गाडीचं ऑइल, दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. पुस्तकात तसं छापलेलं होतं. ज्यांनी गाडी बनवली त्यांनी छापलेलं होतं. यात वादाला जागा आहे असं माझ्या स्वप्नातही आलं नाही.

पहिल्याच रविवारी ताई एकट्याच वर आल्या. "भाऊजी कुठेत?" असं मी विचारायच्या आत वॉचमननं इंटरकॉम केला, "मॅडम, आपके जमाईजी नीचे गाडी खोल के बैठे हैं." मी गॅलरीतून बघितलं. बॉनेट उघडं होतं आणि भाऊजी, चुलीवरच्या दुधात वाकून बघावं तसे आत वाकले होते. त्यांनी तेलाची पट्टी बाहेर काढली. खिशातून पांढरा, इस्त्रीचा रुमाल काढून पुसली. पुन्हा आत घातली, पुन्हा काढली, उजेडाकडे धरून बघितली. मग पट्टीच्या टोकावरचा थेंब अंगठा आणि बोटामध्ये घेऊन चोळला, नाकाशी नेला, डोळे मिटले, आणि एखाद्या नाडीवैद्यानं घरच्यांना बाजूला घेऊन सांगावं तशा चेहऱ्यानं वर आले. त्याच रुमालानं कपाळ पुसलं. कपाळावर काळा पट्टा उमटला. मग मला म्हणाले, "वहिनी, तेल थकलंय."

"भाऊजी, गाडी नवीन आहे."

"गाडी नवीन आहे. तेल थकलंय."

ही त्यांची भाषा. तेल त्यांच्या दृष्टीनं कधी संपत नसे, जुनं होत नसे. ते थकायचं, दमायचं, चिडायचं आणि एकदा तर 'मनातून उतरलंय' असंही मी ऐकलं. मी पुस्तक आणून दाखवलं. त्यांनी चष्मा न लावताच ते परत दिलं आणि म्हणाले, "पुस्तक लिहिणारा भाईंदरला राहत होता का?" मी म्हटलं, याचा काय संबंध? तर खुर्चीवर मांडी ठोकून त्यांनी मला समजावलं. इकडे एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला घोडबंदरच्या खाणींची धूळ. काशीमीऱ्याच्या नाक्यावर ट्रकांच्या मागे गाडी उभी राहते ती राहतेच. "मीटर काय मोजतो? चाकं. गाडी उभी तर मीटर उभा. पण इंजिन धावतंय ना, वहिनी? जागच्या जागी ठाण्यापर्यंत जाऊन आलं ते. त्याचा हिशोब तुमच्या पुस्तकात आहे?" तो हिशोब पुस्तकात नव्हता असं नाही, 'कठीण परिस्थितीत वापर असल्यास लवकर बदला' अशी एक बारीक अक्षरातली ओळ होती, पण ती मी त्यांना दाखवली नाही. लवकर म्हणजे किती लवकर? गणपतीला बदललं की नवरात्रात? कारण भाऊजींनी तेच केलं. गणपतीला गावी जायच्या आधी बदललं, 'घाट चढायचाय' म्हणून. परत आल्यावर बदललं, 'घाट उतरलाय' म्हणून. दसऱ्याला गाडीची पूजा करायची, तर अंगात जुनं तेल ठेवून पूजा करायची का, म्हणून बदललं. आमचे हे माझ्याकडे बघायचे, मी ह्यांच्याकडे बघायची. "जाऊ दे ना," हे म्हणायचे, "जावई आहेत." या एका वाक्यावर आपल्याकडची किती घरं उभी आहेत आणि किती बायका आतल्या आत आडव्या झाल्या आहेत, याची कोणी तरी नोंद घेतली पाहिजे.

मी हार मानली नाही. एकदा कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गाडी नेली आणि तिथल्या सुपरवायझरला भाऊजींचं नाव न घेता सगळं विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, अभी तो ऑइल एकदम मस्त है, क्यूँ फेंक रहे हो?" मला इतका आनंद झाला की मी ते वाक्य वाटेत तोंडपाठ केलं आणि रविवारी चहाबरोबर भाऊजींपुढे ठेवलं. त्यांनी बिस्किट बुडवलं. "त्यानं पट्टी काढून बघितली?" मी म्हटलं, बघितली. "हुंगली?" नाही हुंगली. "मग," असं म्हणून त्यांनी बिस्किट खाल्लं. वाद संपला.

या वेडाचं मूळ त्यांच्या लग्नात आहे, असं ताई सांगतात. लग्न होतं ठाण्याला, आणि स्वयंपाकाची भांडी आणायला भाऊजींचा एक मित्र टेम्पो घेऊन निघाला होता. त्या मित्रानं टेम्पोचं तेल कधी बदललंच नव्हतं. हायवेवर इंजिन जाम झालं, पातेली टेम्पोत, टेम्पो रस्त्यात, आणि मुहूर्त लागला तेव्हा मांडवात चूलसुद्धा पेटलेली नव्हती. पाहुण्यांना अक्षतांनंतर फरसाण आणि केळी दिली. जेवणं संध्याकाळी झाली. आमच्या सासूबाई नेहमी सांगत, "जावईबापूंचं काही चुकलं नाही हो, तो टेम्पो मेला बुडाला." पण मुंडावळ्या बांधलेल्या अवस्थेत आपल्या सासरच्यांना उभ्यानं फरसाण खाताना बघणं भाऊजींच्या मनातून गेलं नसावं. त्यानंतर जगात जे काही बिघडतं ते वेळेवर तेल न बदलल्यामुळे, असा त्यांचा सिद्धांत झाला, आणि तो गाड्यांपुरता राहिला नाही. सासूबाईंचे गुडघे वाजायला लागले: तेल. सोसायटीची लिफ्ट अडकली: तेल. शेजारच्या नवरा-बायकोचं भांडण आमच्यापर्यंत ऐकू यायला लागलं, तर भाऊजी हळूच मला म्हणाले, "गेल्या वर्षभरात दोघं कुठे बाहेर गेलेली दिसत नाहीत. जुन्यावरच चालवतायत." यात तथ्य होतं, हा भाग वेगळा.

जुनं काढलेलं तेल ते फेकत नसत. फेकलं असतं तर माझी एक तक्रार तरी कमी झाली असती. ते डबडी भरून ठेवत आणि वाटत. सोसायटीच्या गेटच्या बिजागऱ्यांना, वॉचमनच्या सायकलच्या चेनला. गावाकडच्या घराच्या वाशांना वाळवी लागू नये म्हणून दोन डबे कोकणात गेले. आणि उरलेलं उत्तनजवळच्या डोंगरीला. तिथे एक मच्छी विकणारी बाई त्यांच्या ओळखीची होती, तिच्या घरच्या होडीच्या लाकडाला खालून हे काळं तेल फासत. एकदा माझी मामेबहीण पुण्याहून आली होती, तिला किनारा दाखवायला आम्ही निघालो, आणि भाऊजी "मीही येतो, वाटेत एक काम आहे" म्हणून पुढच्या सीटवर बसले. ते काम डिकीत होतं. डोंगरीला पोचून डिकी उघडली तेव्हा डबा आडवा झालेला होता, आणि मामेबहिणीनं मला आणलेली बाकरवडी, पेढे नव्हेत एवढंच समाधान, पण बाकरवडी आणि तिची चांगली शाल, दोन्हीला वाळवीपासून जन्मभराचं संरक्षण मिळालं होतं. भाऊजींचं लक्ष डब्याकडे. "अर्धा राहिला," असं ते आनंदानं म्हणाले. ती बाई बाहेर आली, तिनं डबा घेतला, आणि मला नखशिखांत न्याहाळून म्हणाली, "बाय, तुजा नंदावा लय गुनाचा हाय. दर टायमाला तेल आनतो. पन तुमची गाडी मोटी हाय का काय? आमच्या बोटीला पन येवरा तेल लागत न्हाय!"  मामेबहीण मोटारीत बसून शाल पिळत होती.

आणि मग अधिक महिना आला. आपल्याकडे अधिक महिन्यात जावयाला वाण देतात, तेहतीस अनारसे, चांदीचा दिवा, ऐपतीप्रमाणे जे असेल ते. सासूबाईंनी हौसेनं विचारलं, "जावईबापू, यंदा काय देऊ?" भाऊजी लाजले. खरंच लाजले. मग म्हणाले, "आई, द्यायचंच असेल तर एक तेलाचा कॅन द्या. चांगल्यातला." सासूबाईंना वाटलं, खोबरेल. खुलासा झाल्यावर त्या विचारात पडल्या. तेलाला त्यांची हरकत नव्हती, त्यांची अडचण धार्मिक होती. "अहो, अधिकात जाळीचं वाण लागतं. ज्याला भोकं असतील असं. अनारशाला जाळी असते म्हणून अनारसे. तुमच्या त्या डब्याला कुठे आलीय जाळी?" मला वाटलं, चला, सुटलो. धर्म माझ्या बाजूनं उभा राहिला. पण भाऊजी क्षणभरही थांबले नाहीत. म्हणाले, "बरोबर ऑइल फिल्टर द्या. त्याला खालून गोल सगळी भोकंच असतात." आणि आमच्या देवघरासमोर, चांदीच्या ताटात, मधोमध इंजिन ऑइलचा कॅन, त्याच्यावर उपडा ठेवलेला फिल्टर, भोवती अनारसे आणि समई, असं वाण सासूबाईंनी हळदीकुंकू वाहून जावयाच्या हातात दिलं. भाऊजींनी पाटावरून उठून त्यांना वाकून नमस्कार केला, आणि तसेच कपाळाला कुंकू लावून खाली गेले. तेल अर्थातच आमच्याच गाडीत घातलं. म्हणजे दान आमचं, जावई आमचा आणि पुण्यही आमच्याच बॉनेटखाली.

इथवर मी सहन केलं. पण मुलीच्या परीक्षेच्या दिवशी जे झालं ते मी विसरलेली नाही आणि विसरणारही नाही. बारावीनंतरची प्रवेश परीक्षा होती, केंद्र ठाण्याला, रविवारी सकाळी. मी आठवडाभर आधीपासून सगळं आखून ठेवलं होतं: किती वाजता निघायचं, घोडबंदरच्या रस्त्यानं जायचं, डब्यात काय. भाऊजींची तेल बदलण्याची एक पद्धत होती, ती इथे सांगायला हवी. गाडीची पुढची चाकं दोन फळ्यांवर चढवायची, खालचा नट काढायचा, खाली घमेलं ठेवायचं आणि रात्रभर तेल निथळू द्यायचं. "शेवटचा थेंब पहाटे पडतो," असं ते म्हणत. सकाळी नट लावायचा आणि नवं तेल ओतायचं. तर त्या रविवारी आम्ही तिघं, मुलगी हॉलतिकीट घेऊन, मी डबा घेऊन, हे किल्ली शोधत, खाली आलो तो गाडी फळ्यांवर चढून बसलेली. खाली घमेलं. स्टिअरिंगला भाऊजींचा रुमाल बांधलेला, म्हणजे 'आत तेल नाही, कोणी चालू करू नये'. शनिवारी संध्याकाळी ते ह्यांच्याकडून किल्ली घेऊन गेले होते, आणि आमच्या ह्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, आणि सकाळी किल्ली शोधताना ते आठवलंही नव्हतं. स्वतः भाऊजी नवीन तेल आणायला काशीमीऱ्याला गेलेले, कारण दुसऱ्या कुठल्याही दुकानावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि ते एकच दुकान रविवारी उशिरा उघडतं हे त्यांना त्या दिवशी कळत होतं.

मुलगी रडायला लागली. हे रिक्षा आणायला धावले. रिक्षा आली, आम्ही चढतोय, तेवढ्यात समोरून दुसरी रिक्षा आली आणि मांडीवर कॅन घेऊन भाऊजी उतरले. "वहिनी, दहा मिनिटं! फक्त दहा मिनिटं, ओतलं की झालं! पोरीची एवढी मोठी परीक्षा, थकलेल्या तेलावर कशी पाठवायची?"

म्हणजे हे तिच्यासाठी केलं होतं. वॉचमन उभा होता. सोसायटीचे सेक्रेटरी दूध घेऊन येत होते. मी रिक्षात एक पाय ठेवून म्हटलं, "भाऊजी, स्वतःची गाडी घ्या. आणि तिचं तेल रोज बदला."

जावयाला असं बोलत नाहीत हे मला माहीत आहे. पण माझं चुकलं असं मला त्या दिवशीही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. परीक्षेला आम्ही कसेबसे वेळेत पोचलो, पेपर चांगला गेला. दुपारी परत आलो तर गाडी फळ्यांवरून उतरवून जागेवर लावलेली, तेल भरलेलं, काचा पुसलेल्या, किल्ली वॉचमनकडे. भाऊजी मात्र वर आले नव्हते. त्या रविवारी ताईही लवकरच निघून गेल्या.

पुढच्या रविवारी भाऊजी आले नाहीत. ताई एकट्या आल्या, म्हणाल्या, त्यांना जरा कणकण आहे. त्यानंतरच्या रविवारी त्या दोन तासांत परत गेल्या. मग एक रविवार गाळला. फोनवर मला म्हणाल्या, "वहिनी, ते काही बोलत नाहीत गं. नुसते बसून असतात. रविवारच्या दिवशी त्यांना एकटं टाकून मी कशी येऊ?" मी दरम्यान कंपनीच्या वर्कशॉपचा वर्षाचा करार करून टाकला होता. त्यांनी एकदा तेल बदलून हिशोब शून्यापासून धरला; पुढचं दहा हजारांवर, माझ्या कागदावर बरोबर खूण. डिकीत काळा डबा नाही, स्टिअरिंगला रुमाल नाही. सगळं जसं असायला हवं होतं तसं. फक्त रविवारी सकाळी सासूबाई आंघोळ करून दारासमोर खुर्ची टाकून बसायच्या, लिफ्टचं दार वाजलं की मान वर करायच्या, आणि दुपारी बाराला स्वतःच खुर्ची उचलून आत आणायच्या. मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं, माझ्याजवळ चांगली उत्तरं होती. एकदा तेवढं भिंतीकडे बघत म्हणाल्या, "माझे रविवार राहिलेत तरी किती."

आमच्या ह्यांना म्हटलं, जा आणि त्यांना घेऊन या. हे म्हणाले, "तू बोललीस, मी कसा आणू?" तेव्हा एका शनिवारी शाळा सुटल्यावर मीच गाडी काढली आणि मीरा रोडला गेले. माफी मागणार नव्हते. वाटेत मी ठरवलं होतं की त्यांना गाडीच्या दुखण्याचं निमित्त सांगायचं. आजवर मी रजेच्या अर्जातसुद्धा खोटं लिहिलेलं नाही, तरी ठरवलं. खालून हाक मारली. भाऊजी लेंगा-बनियनवर गॅलरीत आले.

"भाऊजी, गाडी आवाज करतेय."

"कसला?"

"टकटक."

ते खाली आले. "चालू करा," म्हणाले. मी चालू केली. त्यांनी डोळे मिटले. गाडी इतकी गुणी की तोंडातून अक्षर काढेना. "कुठंय टकटक?"

"आत्ता नाहीये. नाक्यावर होती."

त्यांनी बॉनेट उघडलं, पट्टी काढली, पुसली, घातली, काढली, उन्हाकडे धरली. बोटांवर चोळली. हुंगली. मी मनात म्हणत होते, म्हणा, थकलंय म्हणा. आत्ता इथे घमेलं आणते, फळ्या आणते, काशीमीऱ्याला स्वतः जाते.

"उत्तम आहे," भाऊजी म्हणाले. "कोणी घातलंय? वर्कशॉपनं? चांगलं घातलंय. अजून पुष्कळ चालेल."

"भाऊजी, काळं दिसतंय की हो!"

"काम करतंय म्हणून काळं होतं, वहिनी." त्यांनी पट्टी जागेवर बसवली. "याला हात लावू नका."

म्हणजे मला हवं तेव्हा हा माणूस माझं कधी ऐकणार नव्हता, आणि तेलाच्या बाबतीत त्याच्याकडून एक साधं खोटं वदवून घेणंही मला जमणार नव्हतं. रागानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "भाऊजी," मी म्हटलं, "तेलाचं राहू दे. आई दारात बसून असतात."

 भाऊजींनी बॉनेट अलगद लावलं आणि वर तोंड करून हाक मारली, "अगं, साडी बदल. तुझ्या आईकडे जायचंय." आणि स्वतः शर्ट घालायला गेले. परत येताना दोघं मागच्या सीटवर बसली होती. काशीमीऱ्याच्या नाक्यावर ट्रकांच्या मागे गाडी बराच वेळ उभी होती. भाऊजी खिडकीतून बाहेर बघत होते.

त्यानंतर सासूबाईंचा एकही रविवार रिकामा गेला नाही, अगदी त्या होत्या तोवर. शेवटच्या दिवसांतही लेकीचा हात त्यांच्या हातात होता. पण भाऊजींनी पुन्हा कधी आमच्या गाडीचं बॉनेट उघडलं नाही. ताईंबरोबर थेट वर येत, पंख्याखाली बसत, चहा घेत, पेपर वाचत. शहाण्यासारखे. मी एक-दोनदा म्हटलं, "भाऊजी, जरा खाली बघून येता का?" तर मनात काही न ठेवता म्हणायचे, "तुमचं वर्कशॉप आहे ना, नीट बघतात ते." मला हवं होतं ते सगळं मला मिळालं होतं, आणि त्याचा मला इतका संताप येई की मी स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण डबे पुसत बसे.

फक्त कधी कधी असं व्हायचं. आमचे हे बाजारातून गाडी घेऊन गेटातून आत शिरायचे, आणि भाऊजींचा ओठांकडे निघालेला कप मध्येच थांबायचा. मान किंचित कलती. डोळे मिटलेले. गाडी जागेवर लागायची, इंजिन बंद व्हायचं. मी दारात श्वास धरून उभी. बोला ना हो भाऊजी, काहीतरी बोला.

ते चहा प्यायचे.